नाल्याकाठी ओहोटीची वाट पाहताना

विरारमध्ये बर्फ पडत नाही. ही बातमी आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक शहाण्या माणसाने मला एकदा तरी दिलेली आहे, आणि देताना पार्किंगमधल्या माझ्या गाडीकडे बोट दाखवलेलं आहे. कारण माझी गाडी चारही चाकांनी ओढणारी. नेहमीच्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. हिच्यात पुढचं चाक घसरायला लागलं की मागच्या चाकांनाही वाटणी मिळते. बाकी दिसायला ती अगदी घरगुती आहे. मागे गव्हाचं पोतं, सासऱ्यांची खुर्ची आणि गणपतीचं मखर एका वेळी मावतं. "मॅडम, स्टेशन ते भाजी मार्केट करायला चारही चाकं कशाला?" असं तळमजल्यावरचे काका विचारतात, आणि त्याच काकांना मे महिन्यात गावचे आंबे आणायला माझीच डिकी लागते.

मी कोणाचं मनावर घेत नाही. पेट्रोल जास्त पिते, मान्य. टायर बदलायचे तर चारही एकदम बदलावे लागतात आणि गॅरेजवाला तेव्हा माझ्याकडे दयेने बघतो, हेही मान्य. पण जूचंद्रला माझ्या माहेरी जाताना शेवटी जो चिकणमातीचा रस्ता लागतो, तिथे पावसाळ्यात बाकीचे लोक गाड्या नाक्यावर लावून, चपला हातात घेऊन चालत जातात. मी दारात जाऊन हॉर्न वाजवते. ज्याने तो हॉर्न एकदाही वाजवला नाही त्याने पेट्रोलचा हिशेब विचारू नये.

तर याच गाडीने आम्ही तिघं जूनमध्ये हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जाऊन आलो. तिघं म्हणजे मी, माझा नवरा सुधीर आणि माझी आई. सुधीर शाळेत भूगोल शिकवतो. गाडी चालवत नाही, नकाशा वाचतो. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्या भूगोलाचा प्रश्न येणार आहे.

जूचंद्र

जायचं कारण लग्न. माझ्या दादाची मुलगी मानसी स्पितीतल्या एका शाळेत शिकवायला गेली आणि तिथल्याच छेरिंग नावाच्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच शाळेत शिक्षक, घरी वाटाण्याची शेती, स्वभावाने आमच्या दादापेक्षा दहापट शांत. घरात कोणाची ना नव्हती. लग्न त्यांच्या गावी, त्यांच्या लामांनी काढून दिलेल्या दिवशी. मानसीची अट एकच होती. आदल्या संध्याकाळी हळद आपल्या रीतीने लागायची आणि धवले आजीने म्हणायचे.

आमच्याकडे लग्नात भटजी मागाहून येतो, आधी लागते ती धवलारीण. मांडव घालण्यापासून प्रत्येक विधीला ती धवले म्हणते, म्हणजे गाण्यातून देवांना, पितरांना, गावकीला बोलावणं करते. तिने सूर लावल्याशिवाय हळदीच्या वाटीला कोणी हात लावत नाही. माझी आई जूचंद्रची धवलारीण. तिने आजवर किती मांडव गाजवले ते तिलाही ठाऊक नाही, आणि ही तर पोटच्या पोराची पोर.

दादा-वहिनी विमानाने आणि पुढे भाड्याच्या गाडीने जाणार होते. आईला मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढ्या उंचीवर एकदम चढायचं नाही, मुक्काम करत करत जायचं. शिवाय तिला सोबत उंबराची फांदी न्यायची होती. मांडवाला उंबर लागतोच, आणि तिकडे तो उगवत नाही. फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून विमानात कोण नेऊ देणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "आता विचारा, चारही चाकं कशाला."

आईचं गाडीविषयी मत फारसं चांगलं नव्हतं. गाडी उंच, आणि आईचे गुडघे जुने. पहिल्या दिवशी दाराशी उभी राहून ती म्हणाली, "ही गारी हाय का माचान? चढू कशी?" मग तिनेच तोड काढली. देवघरातला शिसवी पाट आणून दाराखाली ठेवला, त्यावर पाय देऊन आत बसली, आणि मला म्हणाली, "पाट उचल. जाईल तिथं लागल."

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आईचे वडील मिठागरावर होते. खाडीचं पाणी कुठल्या भरतीला आत घ्यायचं, कधी फळी लावून अडवायचं, हे बघत ती वाढली. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पुरी होणार ते कळतं, हा आमच्या किनाऱ्यावरचा हिशेब. आई तो बोलता बोलता करते. आमच्याकडे रस्त्यावर पाणी भरलं की खाडीला भरती असेपर्यंत ते हलत नाही, आणि ओहोटी लागली की कोणी काही न करता उतरतं. म्हणून पाणी दिसलं की आमच्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, भरती कधी पुरी? त्याचं उत्तर दादा मोबाईलमध्ये शोधत नाही, आईला विचारतो. पाण्याच्या बाबतीत तिचा शब्द खोटा पडलेला मी पाहिला नव्हता.

उत्तरेकडे

गुजरात आणि राजस्थान हे लांबलचक सरळ रस्ते आहेत, एवढं सांगून ते मी सोडून देते. चारही चाकांना तिथे काही काम नसतं. उदयपूरच्या पुढच्या एका ढाब्यावर मात्र काम निघालं. जेवून तासभर पुढे आल्यावर आईला पाय मोकळे करायचे होते; मी उतरले, दार उघडलं, आणि पाट नाही. ढाब्याच्या दारातच राहिला होता.

"आई, पुढच्या गावात स्टूल घेऊ," सुधीर म्हणाला.

"स्टूल घ्या तुमाला," आई म्हणाली. "तो माझ्या लग्नातला पाट हाय. गारी फिरव."

फिरवली. ढाबेवाल्याने तोवर पाटावर कांद्यांची परडी ठेवली होती. आईने परडी खाली ठेवली, पाट पदराने पुसला आणि जाताना त्याच्याकडून वर चार कांदेही घेतले. सुधीर म्हणाला, "आपण नुकसानीत नाही."

मनालीत दोन मुक्काम केले. आईचा श्वास ठीक, भूक ठीक, तक्रारी भरपूर. तिथल्या भाताला वास नाही, पाण्याला चव नाही आणि डोंगर इतके जवळ की आभाळ दिसायला मान मोडते. रोज सकाळी ती गोणपाट उघडून उंबरावर पाणी शिंपडायची. पानं एकेक करून गळत होती, पण फांदी हिरवी होती. तिकडे आधीच पोचलेल्या दादाचे फोन सुरू होते. मांडव उभा झाला होता, छेरिंगच्या घरच्यांनी विलो नावाच्या तिथल्या झाडाच्या काठ्या आणि आपल्या रंगीत पताका लावून तो सजवला होता, हळद भिजत घातली होती. मानसीने फोन हिसकावून आईला सांगितलं, "आजी, तू आल्याशिवाय मी हळदीला बसणार नाही हां."

"येतंय गो," आई म्हणाली. "बसायला पाट पन आनतंय."

नाला

मनालीच्या पुढचा बोगदा ओलांडला आणि डांबर संपलं. इथून पुढे माझ्या गाडीचा खरा संसार सुरू झाला. तिच्यात एक गोल बटण आहे, फिरवलं की चित्रं येतात: बर्फ, चिखल, वाळू. विरारमध्ये ते बटण मी फक्त पाहुण्यांना दाखवायला फिरवते. इथे चिखलाच्या चित्रावर आणलं आणि गाडीची चालच बदलली. दगडगोट्यांच्या चढावर पुढचं चाक एका जागी फिरायला लागे, क्षणभर काही घडत नसे, आणि मग मागून कोणीतरी हाताने ढकलल्यासारखी ती उचलून वर येई. शेजारी दोन चाकांच्या ताकदीची एक टॅक्सी तीनदा मागे जाऊन पुन्हा जोर लावत होती. मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या अडचणीत बरं वाटू नये हे कळतं, पण तळमजल्यावरच्या काकांनी तो चढ पाहायला हवा होता.

वाटेत तंबूंचे ढाबे लागले. त्यानंतर थोड्याच अंतरावर रस्त्यावर नाला आला. म्हणजे रस्ता नाल्यात गेला. वरच्या हिमनदीतून उतरलेलं पाणी रस्त्यावरूनच आडवं वाहत होतं, राखाडी, फेसाळ, आणि त्याखाली नारळाएवढे दगड. ऊन चांगलं वर आलं होतं. आमच्या पुढची जीप पाण्यात उतरली, डुलत डुलत पलीकडे गेली, आणि तिच्या ड्रायव्हरने मागे हात करून आम्हाला या म्हणून खुणावलं.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत असेल. माझ्या गाडीच्या पोटापेक्षा खाली. मला जराही शंका नव्हती.

"थांब," मागून आई म्हणाली.

ती पाटावर पाय देऊन उतरली, काठावर गेली, वाकून पाण्यात हात घातला आणि झटकला. मग तिने मिठागरावर करतात तसं केलं. पाण्याच्या कडेला एकावर एक चढते असे तीन दगड मांडले आणि बघत उभी राहिली. थोड्या वेळात सगळ्यांत खालचा दगड बुडाला.

"भरती चालू हाय," ती म्हणाली. "पानी चढतंय. आता नको घालू."

"आई, जीप गेली आत्ता. आपली गाडी जाईल."

"मना शिकवतंस? पान्यात जल्मलेय मी." तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "आज वद्य दुज. दुपारच्या जेवनापर्यंत भरती पुरी. मंग ओहोटी लागल, पानी उतरल, आरामात जाव."

आज हे लिहिताना मला हसू येतं. आम्ही समुद्रापासून हजाराहून जास्त किलोमीटर लांब, ढगांच्या शेजारी उभे होतो, आणि आमच्या समोर अरबी समुद्राची भरती पुरी व्हायची होती. पण तेव्हा कोणी हसलं नाही. पाणी दिसलं आणि आई बोलली, की आमच्या घरात पुढे चर्चा नसते. मी गाडी बंद केली. भूगोलाच्या मास्तरांनी नकाशाची घडी घातली आणि आईसाठी सावलीत सतरंजी अंथरली.

आमच्या मागे एक पंजाबी कुटुंब आलं. गाडीतून उतरलेल्या सरदारजींनी विचारलं, "क्या हुआ जी?"

सुधीर म्हणाला, "माताजी कहती हैं, पानी उतरेगा."

आईचा चेहरा पाहून त्यांनाही ते पटलं. त्यांनी पराठे काढले, आईने दशम्या आणि सुकटीची चटणी काढली. सरदारजींना सुकट फार आवडली. त्यांच्या बायकोने नाकाला ओढणी लावली. अशी दोन कुटुंबं हिमालयात ओहोटीची वाट बघत बसली.

आणि गंमत बघा, दुपारी खरंच पाणी उतरलं. सूर्यावर मोठा ढग आला, गार वारा सुटला आणि काही वेळाने बुडालेला दगड वर दिसायला लागला. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "अजून थोरं उतरू दे," ती म्हणाली. आम्ही डबे धुऊन ठेवायला घेतले. तेवढ्यात ढग सरकला. ऊन पुन्हा कडक पडलं, आणि पाणी जे चढायला लागलं ते पहिला दगड गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या डोक्यावरून फेस जायला लागला. पाण्याचा आवाजही बदलला. आत दगड एकमेकांवर आपटत होते, ते पोटात जाणवत होतं.

आता ते पाणी माझ्या बोनेटला लागलं असतं. गाडीची चारही चाकं ओढतात हे खरं, पण चारही चाकं उचलली गेली तर ओढणार कशाला? माझा आत्मविश्वास दांडगा आहे, मूर्ख नाही. मी गाडी वळवली आणि आम्ही मागच्या तंबूच्या ढाब्यावर आलो. सरदारजीही आले.

ढाबेवाली बाई राजमा ढवळत होती. तिने आम्हाला मघाशी जाताना पाहिलं होतं. "सुबह जाना," ती सहज म्हणाली आणि दोन खाटा मोकळ्या करून दिल्या.

मोबाईलला रेंज नव्हती. डोंगरापलीकडे या वेळी मांडवात बायका जमल्या असणार, मानसी नव्या साडीत आमची वाट बघत असणार, आणि आम्ही कुठे आहोत हे कोणालाच माहीत नव्हतं. आई खाटेवर बसून होती. तिने राजमा खाल्ला नाही, चवीला नावंही ठेवली नाहीत. आई जेवणाला नावं ठेवत नाही म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं.

"तू जात व्हतीस," ती शेवटी म्हणाली. "मीच अरवलं तुला."

"असू दे आई."

"काय असू दे? पोरीची हलद मी थांबवली. धवलारनीनंच थांबवली." तिने पदर तोंडाला लावला. "इतक्या लोकांच्या हलदी लावल्या आनि माझ्याच नातीची राहिली."

सकाळी मी ऐकलं नसतं तर आत्ता आम्ही मांडवात असतो, हे तिला कळत होतं आणि मलाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तो तिच्यावर धरता येत नव्हता. बाहेर येऊन मी सुधीरवर काढला.

"तू भूगोल शिकवतोस ना? हिमनदीला भरती-ओहोटी असते का?"

"नसते," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"आई पाण्याविषयी बोलत होत्या," तो म्हणाला. "मला वाटलं, असेलही."

सकाळ

मला जाग आली तेव्हा आईची खाट रिकामी होती. मी धावत नाल्यावर गेले. उजाडलं होतं, पण ऊन अजून डोंगराच्या शेंड्यावरच अडकलेलं होतं, खाली सगळीकडे निळसर सावली. आई शाल डोक्यावरून घेऊन काठावर उभी होती. नाला ओळखू येत नव्हता. कालचा उन्मत्त गडी झोपेतून उठलेल्या पोरासारखा झाला होता. काल मांडलेले तीन दगड पाण्याने नेले होते, पण त्यांच्या जागेच्याही बऱ्याच खाली पाणी गेलं होतं.

"कालचा ढग आठवतंय?" आईने माझ्याकडे न बघता विचारलं. "ढग आला तवा उतरलं. ऊन परलं तवा चढलं." तिने वर बर्फाकडे हात केला. उन्हाची कड हळूहळू त्याच्याकडे सरकत होती. "इथली भरती चांदाची नाय गो. ऊनाची हाय. आता पुरी ओहोटी हाय. ऊन खाली यायच्या आत गारी काढ."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. अंधारात एकटी बसून, एका ढगावरून तिने तो हिशेब मांडला होता. सुधीर मागून आला होता. तो म्हणाला, "आई, हे मी नववीला शिकवतो." आई म्हणाली, "मंग काल सुट्टी व्हती काय?"

आम्ही गाडीत बसलो. सरदारजी मागे तयार होते. मी चिखलाचं चित्र लावलं, पहिला गिअर, आणि पाण्यात उतरले. पाण्यातून जाताना एकच नियम, थांबायचं नाही आणि घाई करायची नाही. काचेबाहेर पाणी सरकत असतं, त्याच्याकडे बघितलं की आपणच वाहतोय असं वाटतं; म्हणून नजर पलीकडच्या काठावर. अर्ध्यावर गाडी डावीकडे कलंडली. पुढचं चाक एका मोठ्या दगडाच्या आणि खड्ड्याच्या मध्ये सापडलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. इंजिन ओरडलं. गाडी हलेना. सुधीरने दाराचं हँडल धरलं.

आणि मागून आईने धवला लावला.

धवला उगाच म्हणायचा नसतो. मांडव नसताना, हळद नसताना आईच्या तोंडून एक ओळ आम्ही लहानपणी कितीही हट्ट केला तरी निघाली नव्हती. आता तो जुना, लांबणारा, वरच्या पट्टीतला सूर त्या गाडीत भरला. तिने गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, मिठागराला बोलावलं. मग थोडं थांबून, चाल न मोडता, त्याच सुरात म्हणाली:

नाल्या रे नाल्या, तुला बोलावनं हाय,
नातीच्या हलदीला ये तू रं.

माझा पाय पेडलवर तसाच स्थिर होता. क्षणभर काही घडलं नाही. मग मागची चाकं बोलली. गाडी मागून उचलली, पुढचं चाक दगडावर चढलं, धाडकन खाली आलं, आणि आम्ही पलीकडे होतो. आई म्हणत होती ते कडवं तिने पुरं केलं, मगच थांबली. मागे वळून पाहिलं तर सरदारजीही निघाले होते, आणि वरच्या बर्फाला ऊन लागलं होतं.

मांडव

कुंझुमच्या खिंडीतला वारा, घाटावरच्या पताका, पलीकडचं ते तांबडं-पिवळं, झाड नसलेलं विराट खोरं, या सगळ्यावर मी पानं भरू शकते, आणि ते डोंगर दुरून आणि जवळूनही साजरे आहेत एवढं खात्रीने सांगते. पण त्या सकाळी मी ते नीट पाहिलेलं नाही. मी रस्ता पाहत होते.

आम्ही गावात शिरलो तेव्हा दादा रस्त्यावरच उभा होता. त्याला रागावायचं होतं, पण आईला बघून तो नुसता "आलात," म्हणाला आणि तोंड फिरवून नाक पुसायला लागला. मांडवात बायका बसल्या होत्या. मधोमध हळदीचं भांडं झाकून ठेवलेलं. काल संध्याकाळपासून ते झाकलेलंच होतं. मानसी कालच्याच साडीत होती, चुरगळलेल्या. लग्न दुपारी होतं, लामा यायचे होते, आणि पोरगी अजून हळदीला बसलेली नव्हती. वहिनी म्हणाली, "आम्ही किती सांगितलं, लावून घे. ऐकलं नाही."

आईने उंबराची फांदी काढली. तिला तीनच पानं उरली होती. दादाने ती मांडवाच्या काठीला बांधली, एका पताकेच्या शेजारी. मग आईने गाडीतला पाट मागवला, त्याच्यावरची वाटेतली सगळी धूळ पदराने पुसली, मानसीचा हात धरून तिला त्यावर बसवलं आणि धवला सुरू केला. तिथल्या बायकांना एक शब्द कळत नव्हता. तरी त्या आपापल्या जागी सरळ होऊन बसल्या. बोलावणं चाललंय हे कळायला भाषा लागत नसावी. आईने पुन्हा सगळ्यांना बोलावलं, आणि नाल्यालाही. सकाळचं बोलावणं तोंडदेखलं नव्हतं म्हणायचं. पहिली हळद तिने लावली तेव्हा मानसी रडली, आई रडली नाही. तिचा सूर हलला असता.

हळदीनंतर छेरिंगच्या आजीने सगळ्यांना चहा दिला. त्यांचा चहा लोण्याचा आणि मिठाचा. सुधीर पेला हातात धरून नम्रपणे हसत राहिला. आई मात्र एक घोट घेऊन थांबली, पिशवीतून जूचंद्रच्या मिठागरातल्या जाड्या मिठाची पुरचुंडी काढली आणि त्या आजीच्या हातात ठेवली. आजीने चार खडे जिभेवर ठेवले, डोळे मिटले आणि मान डोलावली. मग तिने तेच मीठ चहात घालून दुसरा पेला आईला करून दिला. दोघी लग्न लागेपर्यंत शेजारी बसून होत्या. "चहात मीठ," आई मला नंतर म्हणाली. "शानी मानसं."

निघायच्या दिवशी सकाळी मी गाडीत सामान लावत होते. आई हळदीची उरलेली वाटी घेऊन आली. आमच्यात नवीन गाडीला हळद-कुंकू लावतात, बोनेटवर, एका बोटाने. ही खाली वाकली आणि चाकाला लावायला लागली. पुढची दोन झाली, मग ती गुडघ्यावर हात ठेवून मागे निघाली.

"आई, पुरे," सुधीर म्हणाला. "रीत म्हणून दोन खूप झाली."

"वडताना चारी व्हती," आई म्हणाली. "मंग हलदीला दोनच कशी?"

चारही चाकं झाली. वाटीत थोडी हळद राहिली होती. मी उभी होते तिथे ती आली, माझे दोन्ही हात धरून सरळ केले, आणि स्टिअरिंग धरून धरून घट्टे पडलेल्या माझ्या तळव्यांवर ती सगळी हळद लावली.

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली, "तू म्हनशील तवाच निघायचं."

मग तिने पाट दाराखाली ठेवला, त्यावर पाय दिला, आणि मी पिवळ्या हातांनी तिला आत चढवलं.